मुक्काम-कराचा उन्हाळा

चैत्र अर्धा सरला की सांगलीत हळदीचा वास सुटतो. मार्केट यार्डाच्या बाजूने वारं आलं की दोरीवरच्या पांढऱ्या कपड्यांवरसुद्धा पिवळट झाक येते. कृष्णा आटून घाटापासून लांब सरकलेली असते, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं, आणि नेमक्या याच सुमाराला आमच्या गल्लीतली माणसं बॅगा भरायला लागतात. कुणी पाचगणीला, कुणी त्याच्याही पुढे. परवा समोरच्या घरातली सून हौसेने सांगायला आली, "काकू, आम्ही चार दिवस वर चाललोय. हॉटेलवाले संध्याकाळी लोककला पण दाखवतात म्हणे. पॅकेजमध्येच आहे सगळं."

मी "हो का? छान," म्हटलं आणि आत जाऊन खुर्चीत बसले. मला मळमळायला लागलं होतं. हे नुसतं लिहायचं म्हणून लिहीत नाही. डॉक्टरांनी पित्त म्हणून गोळ्या दिल्या आहेत, त्या मी घेते. पण हे पित्त दर वर्षी चैत्रातच का उसळतं ते त्यांना सांगण्यात अर्थ नाही. त्या बिचाऱ्या मुलीचा यात काही दोष नाही. तिने फक्त 'लोककला' आणि 'पॅकेज' हे दोन शब्द एका दमात उच्चारले.

ही मळमळ सत्तरच्या दशकातल्या एका उन्हाळ्याची आहे. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी मूळची सांगलीची. आमच्या घरात संगीत नाटकाचं वेड. वडील पुढच्या रांगेत बसायचे, आणि गाणं समेवर यायच्या आत कुणी टाळी वाजवली तर मागे वळून त्याच्याकडे असं बघायचे की तो माणूस पडदा पडेपर्यंत हात मांडीखालून काढत नसे. अशा घरातली मुलगी दिली कुठे, तर वाईच्या पुढे, घाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका खेड्यात. आमचे हे फौजेत. लग्नाची सुट्टी संपली तसे ते परत गेले, आणि मी, सासूबाई आणि मामंजी अशी तीन माणसं घरात उरलो. मामंजींचं नाव गणपतराव, पण गाव त्यांना तात्या शाहीर म्हणायचं. ओढ्याकाठी उसाचं रान, दावणीला दोन बैल आणि माजघरात खुंटीला डफ, असा त्यांचा संसार. त्या डफाचा मला पहिल्या दिवसापासून राग होता. नाट्यगीतांवर वाढलेल्या माझ्या कानाला तो म्हणजे पत्र्यावर पडणारी गारपीट वाटायची.

मामंजी कलगीवाले. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडच्या शाहिरांत दोन पक्ष. कलगीवाले म्हणतात आदिमाया मोठी, सगळं तिच्यापासून झालं. तुरेवाले म्हणतात शिव मोठा, तो नसता तर माया कुणाची? हा वाद पिढ्यान्‌पिढ्या चाललेला आहे आणि तो मिटवायचा कुणाचा विचारही नव्हता. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, ऊन कलल्यावर, मारुतीच्या देवळापुढे दोन्ही पक्ष समोरासमोर बसत. एकाने डफावर सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच जवाब द्यायचा. जवाब पटला तर सवाल टाकणारा आपला डफ जमिनीवर पालथा ठेवायचा आणि म्हणायचा, "पोचलं." नाही पटला तर त्याच जवाबातून पुढचा सवाल काढायचा. पंच नाहीत, मार्क नाहीत, ढाल नाही. समोरच्या माणसाने "पोचलं" म्हणणं एवढंच बक्षीस. आणि ते खोटं म्हणायचं नाही, अगदी सख्ख्या भावाला वाचवायलाही म्हणायचं नाही. गावात पाण्याच्या पाळीवरून खोटं बोलत, शेताच्या बांधावरून तर सर्रास बोलत. पण "पोचलं" मात्र कुणी खोटं म्हटल्याचं ऐकिवात नव्हतं.

तुऱ्याचे शाहीर पिराजीअण्णा, ओढ्यापलीकडच्या वाडीचे. काटकुळे, एका डोळ्यात फूल पडलेलं, आवाज मात्र पातेल्यात सांडशी आपटावी तसा खणखणीत. वर्षभर ते आमच्या ओसरीवर मामंजींच्या चंचीतली तंबाखू खायचे. जत्रेच्या आठवड्यात मात्र त्या चंचीला हात लावत नसत. त्या आठवड्यात ओढ्यावर दोघांची गाठ पडली तरी मान वळवून जायचे. सासूबाई म्हणायच्या, "दोन म्हातारी पोरं हायती ही."

मी नवी नवरी होते त्या वर्षीच्या जत्रेत पिराजीअण्णांनी सवाल टाकला होता. "पाणी न्हवतं, तवा तहान कुठं हुती?"

दुष्काळातून नुकतं उठलेलं गाव ते. मामंजी त्या सवालाभोवती गात राहिले. एकदा इकडून गेले, एकदा तिकडून गेले, पण पिराजीअण्णांचा डफ काही खाली जाईना. दिवस मावळायला आला तसे मामंजी उठले, पदर पसरावा तसं उपरणं पसरलं आणि म्हणाले, "वरसाची मुदत द्या." गावाने दिली. कुणी हसलं नाही. मला मात्र आश्चर्य वाटलं, की एवढं काय आहे त्यात? काहीतरी ठोकून द्यायचं आणि मोकळं व्हायचं.

पण पुढचं सबंध वर्ष तो सवाल आमच्या घरात पाहुण्यासारखा राहिला. मामंजी उसाला पाणी पाजताना सऱ्यांची दारं मोडायचं सोडून तसेच उभे राहायचे. पोस्टमनला विचारायचे, बोहारणीला विचारायचे. एकदा मी चुलीपुढे भाकरी थापत होते तर दारात येऊन म्हणाले, "सूनबाई, तू शिकल्याली हायस. तू सांग की."

मी म्हटलं, "मामंजी, पाणी नाही म्हणजे माणूस नाही. माणूस नाही तर तहान लागणार कुणाला? सवालच चुकीचा आहे."

"असं म्हनाय मी कशाला पायजे?" ते म्हणाले. "असं तर माळावरचं शेरडू बी म्हनंल."

मला राग आला, आणि त्याच क्षणी मलाही तो सवाल लागला. एकदा लागला की सुटत नसे. घागर भरताना, कपडे बडवताना, पाणी नव्हतं तेव्हा तहान कुठे होती? मी चक्क यांना फौजेत पत्रातून विचारलं. ते चीनच्या सरहद्दीवर कुठेतरी बर्फात होते. त्यांनी उलट लिहिलं, तात्यांना सांभाळ.

होळीच्या आधी मामंजी माणकडे, दहिवडीच्या बाजूला दिलेल्या त्यांच्या थोरल्या बहिणीकडे गेले. तो मुलूख कोरडा. बाप्ये सगळे मुंबईला, घरी बायका आणि शेळ्यामेंढ्या. चार दिवसांनी परत आले ते बैलगाडीतून उडी मारूनच उतरले. हातपायसुद्धा न धुता ओसरीवर बसले आणि म्हणाले, "घावलं."

सासूबाई म्हणाल्या, "काय घावलं? तुमचा तंबाकूचा डबा?"

"जवाब घावला." आणि लहान मुलासारखे हसले. "आक्काकडं हिरीतला गाळ काढाय लागली हुती मानसं. थेंब न्हाई हिरीत. तरी काढत्यात, गड्या. तरी काढत्यात!" पुढे काही सांगेनात. जत्रेआधी जवाब कुणाला सांगायचा नाही, हीही रीतच. त्या दिवशी ते दोन भाकऱ्या जास्त जेवले. जत्रा वैशाखी पौर्णिमेची, ती आता भरावी म्हणून मीही वाट बघायला लागले. त्या खुंटीवरच्या डफाचा राग कधी गेला ते मला कळलंच नाही.

आणि गुढीपाडव्याला भाऊमामा जीपमधून उतरले.

भाऊमामा माझे सख्खे मामा, आईचे धाकटे भाऊ. तरुणपणी सांगलीत हौशी नाटकांतून कामं करायचे. मोठी भूमिका कधी मिळाली नाही, पण मोठ्या भूमिकेची मान कायम तशीच वर राहिली. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा. पुढे ते घाटमाथ्यावरच्या एका मोठ्या हॉटेलचे मॅनेजर झाले. त्या गावाचं नाव लिहीत नाही. पाचगणी नव्हे. पाचगणीत जागा मिळाली नाही की मुंबईची माणसं तिथे यायची, असं ते गाव. स्ट्रॉबेरी, घोडे, तांबडी धूळ आणि उन्हाळ्यातसुद्धा हिरवीगार राहणारी हॉटेलांची लॉन. आमच्या पायथ्याच्या विहिरी तळाला गेलेल्या असताना ती लॉन दिवसातून दोनदा भिजायची.

मामा बाजेवर बसले, पुरणपोळीवर तुपाची धार धरली आणि बातमी सांगितली. वरच्या गावाने हॉटेलात उतरणाऱ्या पाहुण्यांच्या बिलावर मुक्काम-कर बसवला होता. त्या उत्पन्नातून परिसरातल्या सांस्कृतिक संस्थांना मदत करायची, आणि त्यासाठी नेमलेल्या समितीचे चिटणीस स्वतः मामा. समितीतले बाकीचे सगळेही हॉटेलवालेच. मामा म्हणाले, "तात्यासाहेब, तुमच्या कलेला आता राजाश्रय नाही. पण पाहुण्यांचा आश्रय आहे!"

हे मी आजही म्हणते, की त्या करात वाईट काही नव्हतं. डोंगराची हवा खायला येणाऱ्याने डोंगराखालच्या माणसांसाठी चार पैसे टाकावेत यात चूक ती काय? मला तर त्या दिवशी मामांचा अभिमान वाटला. दुष्काळाने जत्रेचा मांडव गेला होता, डफाचं कातडं सैल झालं होतं, पोरांचं लेझीम बंद पडलं होतं. मी मनात म्हटलं, चला, कुणाला तरी सुचलं.

मग मामांनी अटी सांगितल्या. पहिली, संस्था नोंदलेली हवी, आणि एका गावाला एकच.

पिराजीअण्णा ओसरीच्या कडेला बसले होते. त्यांनी विचारलं, "आवं, पर आमी तर दोन हाय. ह्यो कलगी, मी तुरा."

"एकत्र या! एकच मंडळ. तात्या अध्यक्ष, तुम्ही उपाध्यक्ष."

"मंग भांडायचं कुनी कुनासंगं?"

"भांडण तर हवंच आहे हो!" मामा हसले. "भांडणच तर बघायचंय पाहुण्यांना. फक्त आटोपशीर. एक सवाल, एक जवाब, आणि शेवटी एकमत. दर शनिवारी, चारच्या चहाला, आमच्या लॉनवर. सीझन संपेपर्यंत." ही दुसरी अट.

आता कुणालाही वाटेल की इथे ते दोघे म्हातारे ताडकन उठले असतील. नाही. ते एकमेकांकडे बघून गालातल्या गालात हसले. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी जत्रेच्या आठवड्यात एकमेकांची तंबाखू खाल्ली नाही, ते एका मंडळाचे अध्यक्ष-उपाध्यक्ष व्हायला तयार झाले. का? कारण मांडव हवा होता, पोरांना लेझीम हवं होतं, आणि त्यांना वाटलं की कागदावर एक झालं म्हणून काय झालं? कागद कागदाच्या जागी, डफ डफाच्या जागी. शहरातला माणूस ही चूक करणार नाही. तो कागदाला घाबरून असतो. आमच्या माणसांचा कागदावर विश्वासच नव्हता, म्हणून त्यांनी तो निर्धास्तपणे होऊ दिला.

मामंजी एवढंच म्हणाले, "पाव्हनं, जत्रंचा सवाल मातुर जत्रंत. त्यो तुमच्या चहाला न्हाई मिळायचा."

"अर्थात, अर्थात," मामा म्हणाले आणि आणखी एक पोळी घेतली.

मग शनिवार सुरू झाले. मामा माझे, म्हणून दर वेळी मलाही आग्रहाने बोलावत आणि पाहुण्यांत वेताच्या खुर्चीवर बसवत. ते लॉन मला आजही डोळे मिटले की दिसतं. ओलं गवत, तळलेल्या कटलेटचा वास, कुठल्याशा बाईच्या सेंटचा वास, आणि कुंपणापलीकडून घोड्यांच्या लिदीचा. मध्ये सतरंजी. सतरंजीवर दोघं म्हातारे सारख्याच गुलाबी फेट्यांत. कलगीचा फेटा वेगळा, तुऱ्याचा वेगळा असतो हे मामांना सांगितलं तर म्हणाले, "युनिफॉर्म हवा. अनुदानातून घेतलेत." एक शेळपट जुना सवाल ठरवून दिलेला, पृथ्वी कशावर आणि शेष कशावर, ज्याचा जवाब गावातल्या पाळण्यातल्या पोरालाही पाठ. मामंजींनी तो गायचा, पिराजीअण्णांनी डफ पालथा घालायचा, म्हणायचं, "पोचलं." टाळ्या. दर शनिवारी पोचायचं. पाहुणे बदलायचे, सवाल तोच, जवाब तोच.

एकदा माझ्या शेजारच्या खुर्चीतल्या बाई त्यांच्या यजमानांना म्हणाल्या, "चला ना आत, काय ते ओरडणं." त्यावर यजमान म्हणाले, "बस गं. बिलात लावलेत याचे. वसूल करायला नको?" आणि त्यांनी बिस्किट चहात बुडवलं. बुडवलेलं बिस्किट तुटून कपात पडलं तर ते चमच्याने काढून खाल्लं, आणि खाता खाता वसुलीसाठी समोर बघत राहिले. त्या माणसाचा चेहरा मी विसरले आहे. ते चमच्यातलं बिस्किट मात्र अजून आठवतं, आणि किळस येते.

त्या माणसाने काही खोटं सांगितलं होतं का? नाही. माझ्या संतापाचं मूळ तिथेच आहे. कर म्हणजे काय असतं? आपण देतो आणि विसरतो. रस्ता बांधला जातो, त्यावरून आपल्याला न दिसणारी माणसं जातात. रस्त्याने रोज येऊन आपल्यापुढे वाकावं असं कुणी म्हणत नाही. पण गाण्या-नाचण्यासाठी पैसा दिला की देणाऱ्याला तो डोळ्यांसमोर वाजलेला हवा असतो, आणि तोही चहाच्या वेळेला. मग ती मदत राहत नाही. ती आगाऊ दिलेली बिदागी होते, आणि बिदागी घेणाऱ्याने मालकाचं तोंड बघून गायचं असतं. समितीतल्या त्या शहाण्यांना एवढं साधं कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. हॉटेलची संध्याकाळ फुकटात रंगत होती, आणि वर संस्कृतीची सेवा केल्याचं समाधान. माझ्या मामांच्या चेहऱ्यावरचं ते समाधान बघितलं की मला शिसारी यायची. पुढे त्यांच्या एकसष्टीला मी गेले नाही. आईने दोन महिने अबोला धरला.

वैशाखी पौर्णिमा जवळ आली. जत्रेचा दुसरा दिवस, म्हणजे सवाल-जवाबाचा दिवस, नेमका शनिवारी येत होता. मामंजींनी मामांना निरोप धाडला की त्या शनिवारी जमणार नाही. उत्तरादाखल मामा स्वतः आले. आवाज खाली आणला होता, नाटकातल्या मरणाच्या प्रवेशात आणतात तसा. "तात्यासाहेब, ऐन सीझनचा शनिवार. हॉटेल भरलंय. कार्यक्रम झाला नाही तर समिती विचारेल, आणि अनुदान थांबलं तर मांडववाल्याला काय सांगायचं? त्यापेक्षा असं करा ना. खरा सवाल-जवाब या वर्षी वरच होऊ द्या. पाहुण्यांनाही अस्सल ऐकायला मिळेल."

जत्रेचा मांडव देवळाच्या दारात उभा होता. लेझमी आणल्या होत्या. गावातली जाणती माणसंही आमच्या अंगणात येऊन म्हणाली की तात्या, आता मंडळ एकच हाय, कुठं बी म्हटलं तरी सारखंच. मी ओसरीवरून ऐकत होते. मामंजींनी पिराजीअण्णांकडे पाहिलं. पिराजीअण्णा म्हणाले, "सवाल माजा खरा हाय. तुजा जवाब खरा हाय. मंग जागा कुठली का असंना."

"तू खरं सांगशील न्हवं?"

"आजवर कवा खोटं सांगितलं?"

आणि आम्ही गेलो. जत्रेच्या दिवशी गाव मागे टाकून घाट चढताना मामंजी बसमध्ये डोळे मिटून ओठांतल्या ओठांत जवाब घोळवत होते. करवंदांच्या जाळ्या काळ्याशार झाल्या होत्या. बाहेर पांगारा कधीचा फुलून गेला होता आणि वाळक्या शेंगा खुळखुळत होत्या. खाली गावात त्याच वेळी, अनुदानातून आणलेल्या लाउडस्पीकरवर सिनेमाची गाणी लागली होती. वळणावर गाडी आली की ती ऐकू यायची.

लॉनवर त्या दिवशी गर्दी होती. मामांनी माइक हातात घेतला होता. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच त्यांनी पाहुण्यांना शिकवायला घेतलं, "मंडळी, आपणही भाग घ्यायचाय! जवाब संपला की सगळ्यांनी एकदम म्हणायचं, काय? पोचलं! म्हणा बरं एकदा." पाहुणे म्हणाले. मुलं तर किंचाळलीच. "अजून जोरात!" मामा म्हणाले.

मी खुर्चीत अवघडून बसले होते. पिराजीअण्णांनी सवाल टाकला. दर शनिवारचा तो पडेल आवाज नव्हता. जत्रेतला होता. पाणी न्हवतं, तवा तहान कुठं हुती? मामंजी उठले. वर्षभर त्यांनी पोटात धरून ठेवलेलं बाहेर यायला लागलं. डफावर बोटं अशी पडत होती की माझ्या वडिलांनीसुद्धा मान डोलावली असती.

"पाणी नव्हतं तवा तहान होती आधी,
पाणी बघून हीर खणतो कोण कधी?"

माझ्या अंगावर काटा आला. माणमधली ती कोरडी विहीर, गाळ उपसणारी माणसं. थेंब नाही, तरी काढत्यात. पाणी आहे म्हणून कुणी विहीर खणत नाही. तहान आहे म्हणून खणतात. तहान आधी, पाणी नंतर. मी वर्षभर घागरी भरल्या आणि मला हे सुचलं नव्हतं. मामंजींनी पुढचं कडवं घेतलं,

"तहान हीच माया, तिच्यापोटी पाणी,"

आणि श्वास घेतला. अजून एक ओळ होती. ती ओळ तुरेवाल्याला घातलेली साद असते. ती झाल्याशिवाय जवाब पुरा होत नाही. पण श्वास म्हणजे शेवट असं पाहुण्यांना वाटलं. टाळ्या कोसळल्या. मी पाहत होते ती पिराजीअण्णांकडे. त्यांनी मान वर केली होती, तो फूल पडलेला डोळासुद्धा चमकत होता, उजवा हात डफावर गेला होता आणि तोंड उघडलं होतं. तेवढ्यात मामा माइकवरून ओरडले, "मग मंडळी?" आणि सगळं लॉन एका आवाजात ओरडलं, "पोचलं!" वेटरसुद्धा ओरडले. पिराजीअण्णा क्षणभर तसेच राहिले. मग सवयीने त्यांचा हात खाली आला, डफ सतरंजीवर पालथा झाला आणि ते म्हणाले, "पोचलं."

मामंजींची शेवटची ओळ कुणी ऐकलीच नाही. आइस्क्रीम आलं होतं.

ते मंडळ पुढे काही वर्षं चाललं. मग हॉटेलवाल्यांची आपसात फाटाफूट झाली आणि पैसा दुसरीकडे वळला. वरच्या गावात म्हणे एक कमान उभी राहिली. अनुदान गेलं तसं मंडळ गेलं. दोन फड मात्र पुन्हा कुणाला करता आले नाहीत. एक केलेलं फाडून दोन करणं सोपं नसतं, आणि तोवर जत्रेला लाउडस्पीकरची सवय झाली होती. आता मामंजी नाहीत, पिराजीअण्णा नाहीत, भाऊमामाही गेले. समोरची सून परत आल्यावर मला मोबाइलवर त्या लोककलेचे फोटो दाखवणार आहे. मी बघीन. चष्मा लावून नीट बघीन, आणि त्यात कुणाचं तोंड अर्धवट उघडं राहिलेलं आहे का, तेवढं शोधीन.

त्या दिवशी आम्ही संध्याकाळच्या शेवटच्या एस.टी.ने घाट उतरलो. ऊन डोंगरामागे गेलं होतं. दोघं म्हातारे माझ्या मागच्या बाकावर शेजारी शेजारी बसले होते. बस वळणं घेत होती, मागे डफ एकमेकांवर आपटत होते. वाई दिसायला लागल्यावर मामंजींनी विचारलं.

"पिराजी, खरं पोचलं का रं?"

पिराजीअण्णा नुसतेच खाकरले.

"तू तोंड उघाडलं हुतंस. म्या बघितलं."

"व्हय. आलं हुतं तोंडात. तुज्या जवाबातनंच पुढचा सवाल आला हुता गड्या. लय भारी आला हुता." ते थांबले. "पर तेवढ्यात ती समदी वरडली, अन् माज्या बी तोंडातनं त्येच ग्येलं."

"मंग आता टाक की सवाल. मी हाय की हितं."

मी वळून पाहिलं. पिराजीअण्णा खिडकीबाहेर बघत होते. ओठ हलत होते, एकदा, दोनदा. मग त्यांनी डोक्यावरचा गुलाबी फेटा काढला आणि मांडीवर ठेवला.

"न्हाई आठवत," ते म्हणाले.